"काही अडचण आहे का?" "नाही सर." आपली गरज सांगता येण्याबद्दल संशोधन काय म्हणतं?



पेट झाली, मुलाखत झाली, आता गाईड मिळणार, अशा टप्प्यावरची मंडळी भेटली की त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. विषय कसा निवडायचा, सिनॉप्सिस किती पानांचा असावा, एसपीएसएस शिकावं की आर, पेपर कुठे पाठवायचा. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण स्वतः पीएचडीच्या चौथ्या वर्षात आल्यावर मला एक वेगळीच गोष्ट दिसते. माझ्या ओळखीत ज्यांचं काम रखडलं, त्यातल्या बऱ्याच जणांना विषय जड गेला नव्हता. त्यांना काहीतरी हवं होतं आणि ते त्यांनी वेळेवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काय हवं होतं? तसं बघितलं तर साध्या गोष्टी. प्रकरण वाचून परत कधी मिळणार याची तारीख. प्रश्नावली तपासायला कुणीतरी जाणकार. विभागातल्या कार्यक्रमांच्या कामातून आठवड्यातले दोन दिवस मोकळे. फेलोशिपच्या कागदावर सही. घरी रात्री दोन तास दार लावून बसण्याची मुभा. यातलं काहीही मागायला हरकत नव्हती. तरी "काही अडचण आहे का?" असं विचारल्यावर उत्तर एकच, "नाही सर." आणि मग सगळ्या अडचणी कँटीनमध्ये, चहाच्या कपावर, एकमेकांना सांगायच्या.

मी कुरुंदवाडची. आमच्या भागात माणूस बोलायला कमी नाही; एसटीत शेजारी बसलेला शिरोळ येईपर्यंत आपली सगळी चौकशी करून मोकळा होतो. पण सर, मॅडम, साहेब समोर आले की तोच माणूस "व्हय, बघतो की" म्हणून गप्प होतो. याला मराठीत नेमका शब्द आहे: भीड. आणि जुन्या लोकांनी तिच्याबद्दल इशाराही देऊन ठेवलाय, भीड भिकेची बहीण. आज याच भिडेबद्दल संशोधन काय सांगतं ते बघू. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यामुळे प्रत्येक अभ्यास कुणावर झाला आणि त्याची मर्यादा काय, हेही सोबत बघत जाऊ.

गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे का?

सुरुवात महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासापासून करू. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला. तो जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दवाखान्यात आलेल्या पेशंटपुरतं न थांबता त्यांनी गावातल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली.

आकडे तीन आहेत आणि ते एकाखाली एक ठेवून वाचायला हवेत. तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा जास्त स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. विचारल्यावर तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या. आणि यापूर्वी अशा आजारासाठी तपासणी व उपचार झालेल्या फक्त ८ टक्के.

आता बाहेरून बघणाऱ्याला काय दिसत होतं? दवाखान्यात कुणी येत नाही, म्हणजे आजार नाही. खरं तर गरज जवळजवळ सगळ्यांना होती, ती शब्दांत सांगणाऱ्या निम्म्याहून थोड्या जास्त, आणि उपचारापर्यंत पोचलेल्या मोजक्याच. इथे एक काळजी घ्यायची. ९२ आणि ८ यातलं सगळं अंतर संकोचाचंच आहे, असं म्हणता येणार नाही. दवाखाना लांब असणं, स्त्री डॉक्टर नसणं, हातात पैसा नसणं, हेही त्यात आहे. "बायका बोलतच नाहीत" एवढाच निष्कर्ष काढला तर बोलायला जागा नव्हती ही बाजू सुटते. राणी बंग यांच्या पुस्तकाचं नाव 'कानोसा' आहे, ते मला म्हणूनच नेमकं वाटतं. ऐकणाऱ्यानंही कान द्यावा लागतो.

गाईड आणि विद्यार्थी यांच्यातलं प्रकरण अर्थातच इतकं गंभीर नसतं. पण तीन पायऱ्या त्याच: गरज असणं, ती स्वतःला ओळखू येणं, आणि ती योग्य माणसापर्यंत पोचणं. आपण पहिल्या पायरीवर उभे असतो आणि समोरचा तिसरीवर कुणी आलं का तेवढंच बघत असतो.

दोन्ही बाजूंचा अंदाज चुकतो

"विचारलं तर नाहीच म्हणतील" हे आपलं ठरलेलं वाक्य. हा अंदाज किती खरा असतो, हे फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक (नंतरच्या व्हेनेसा बोन्स) यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तपासलं. त्यांचा लेख २००८ चा आहे. रचना अगदी सोपी होती. विद्यार्थ्यांना सांगितलं, अनोळखी लोकांना गाठून एक प्रश्नावली भरायची विनंती करा, पाच जणांनी भरून दिली की झालं. आधी अंदाज विचारला: पाच जण मिळायला किती जणांना विचारावं लागेल? सरासरी उत्तर आलं साधारण २०. प्रत्यक्षात साधारण १० जणांना विचारल्यावर काम झालं. फोन वापरायला मागणं, रस्ता दाखवायला सोबत येण्याची विनंती करणं, यातही अंदाज असाच चुकला.

का चुकतो? मागणारा फक्त समोरच्याला मदतीचा किती त्रास होईल याचा हिशोब करतो. तोंडावर "नाही" म्हणणंही समोरच्याला अवघड जातं, हे त्याच्या लक्षात येत नाही.

लगेच मर्यादा बघू. विनंत्या लहान होत्या आणि लोक अनोळखी होते. गाईडकडे सहा महिन्यांची मुदत मागणं आणि अनोळखी माणसाला प्रश्नावली देणं, यात फरक आहे. शिवाय हे सगळं अमेरिकेत झालं. बोन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिका आणि चीन यांची तुलना केली, तेव्हा चीनमध्ये अंदाजातली ही चूक कमी निघाली. म्हणजे आकडा जसाच्या तसा उचलून कुरुंदवाडला लावायचा नाही. दिशा तेवढी घ्यायची: नकाराची भीती ही नकाराच्या शक्यतेपेक्षा सहसा मोठी असते.

आता दुसरी बाजू. याच दोघांचा २०१० चा एक लेख आहे, त्यात मदत करू शकणाऱ्या माणसाचा अंदाज तपासलाय. तोही चुकतो, पण उलट्या दिशेनं. ज्याच्याकडे मदत मागायची त्याला वाटतं, "गरज असेल तर येतील की विचारायला." मागणाऱ्याला केवढी लाज वाटते, किती अवघडल्यासारखं होतं, हे त्याला जाणवत नाही. त्यामुळे किती जण येतील याचा त्याचा अंदाज नेहमी जास्त निघतो.

दोन्ही लेख शेजारी ठेवा. विद्यार्थ्याला वाटतं, विचारलं तर नाही म्हणतील. गाईडला वाटतं, अडचण असती तर आला असता. एकाची भीती आणि दुसऱ्याचा गैरसमज यांची अशी जोडी जमते की दोन वर्षं सरतात आणि दोघांपैकी कुणाचाच दोष दिसत नाही.

या संशोधनाची आणखी एक बाजू आहे, ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. "नाही" म्हणणं अवघड असतं, आणि मागणाऱ्याला ते कळत नाही, हे आपण पाहिलं. मग मागणारा जर गाईड असेल तर? "जरा ते परिषदेचं ब्रोशर करून टाक ना" हे त्यांच्या दृष्टीनं सहज बोललेलं वाक्य असतं. तुम्हाला ते टाळणं किती कठीण आहे, याचा त्यांना पत्ता नसतो, आणि अधिकाराच्या जागेवर बसल्यावर तो आणखीच लागत नाही. म्हणून "सरांना कळत कसं नाही?" असं मनात धरून बसण्याआधी हे लक्षात घ्या की बहुतेक वेळा खरोखरच कळत नाही. सांगावं लागतं.

धीर आधी की बोलणं आधी?

"आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बोलेन," असं बरेच जण म्हणतात. इथे अल्बर्ट बांदुरा यांचं काम उपयोगी पडतं. १९७७ च्या लेखात त्यांनी स्वक्षमतेची कल्पना मांडली, म्हणजे "हे विशिष्ट काम मला जमेल" हा विश्वास. तो कुठून येतो याचे चार झरे त्यांनी सांगितले: स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्याला करताना पाहिलेलं, विश्वासातल्या माणसानं "जमेल तुला" म्हणणं, आणि आपल्या शरीराची अवस्था. चौघांत सगळ्यात जोरदार पहिला.

याचा अर्थ क्रम उलटा आहे. बोलण्यातून धीर येतो. पोहण्याचंच बघा ना, आमच्याकडे नदीकाठची पोरं काठावर बसून पोहायला शिकत नाहीत. पण पहिल्याच दिवशी कुणी त्यांना पुरात ढकलत नाही, हेही तितकंच खरं. कमरेएवढ्या पाण्यापासून सुरुवात होते.

म्हणून मागण्यांची एक शिडी करा. खालच्या पायरीवर अशी मागणी, जिला नकार आला तरी काही बिघडत नाही. ग्रंथपालांना विचारा, "हे जर्नल आपल्याकडे येत नाही, दुसऱ्या ग्रंथालयातून लेख मागवता येईल का?" त्याच्या वर, सीनियरला: "तुमची प्रश्नावली बघायला मिळेल का?" त्याच्या वर, गाईडला: "सर, पुढची भेट कधी ते आत्ताच ठरवूया का?" त्यानंतर, "हे प्रकरण कधीपर्यंत वाचून होईल?" आणि मग वरच्या पायऱ्या: मुदत, विषयात बदल, कामाचा बोजा कमी करणं.

दुसऱ्या झऱ्याचाही वापर करा. तुमच्यासारख्याच घरातून आलेली, तुमच्यासारखंच बोलणारी एखादी सीनियर गाईडशी कशी बोलते ते ऐका. इंग्रजीत फाडफाड बोलणाऱ्याला बघून आपला धीर वाढत नाही, उलट कमी होतो. आपल्यासारख्याला जमलं की आपल्यालाही जमेल असं वाटतं.

चौथा झरा शरीराचा. केबिनबाहेर उभं असताना छाती धडधडते आणि आपण त्याचा अर्थ लावतो, "मला हे जमत नाही." बांदुरा म्हणतात, विश्वास कमी-जास्त होतो तो या अर्थ लावण्यामुळेही. धडधड सगळ्यांनाच होते. दोन वाक्यं कागदावर लिहून नेली तर धडधडत्या छातीनंही वाचता येतात.

घरच्या मागण्याही याच शिडीवर येतात, आणि मुलींसाठी त्या बऱ्याचदा गाईडपेक्षा वरच्या पायरीवर असतात. "आई, सबमिशन होईपर्यंत पाहुण्यांचं माझ्याकडे नको" हे म्हणायला विद्यापीठातल्या कुठल्याही प्रेझेंटेशनपेक्षा जास्त बळ लागतं. तिथेही खालून सुरुवात: आधी रोजचे दोन तास, तेही ठराविक वेळेला. ते पंधरा दिवस नीट पाळले गेले की पुढचं बोलता येतं.

सगळी जबाबदारी तुमची नाही

इथपर्यंत वाचून असं वाटू शकतं की प्रश्न फक्त आपल्या लाजऱ्या स्वभावाचा आहे. तसं नाही. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले. जिथे प्रमुख चांगली होती, माणसं एकमेकांना धरून होती, तिथे चुकांची नोंद जास्त होती. उलगडा असा, की तिथे लोक चुका बोलून दाखवत होते. बाकी ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमच्या अभ्यासातून त्यांनी मानसिक सुरक्षिततेची कल्पना मांडली. इथे बोललो तर आपला अपमान होणार नाही, शिक्षा होणार नाही, असा गटातल्या सगळ्यांचा मिळून असलेला समज, म्हणजे मानसिक सुरक्षितता. तो एकट्या माणसाचा गुण नाही, त्या खोलीचा गुण आहे.

म्हणून तोच विद्यार्थी एका गाईडकडे गप्प आणि दुसऱ्या मॅडमकडे मोकळा असतो. गाईड निवडायची संधी असेल तेव्हा त्यांचे पेपर किती हे बघताच, सोबत त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा: "काही चुकलं तर तुम्ही मॅडमना लगेच सांगता का?" उत्तराआधी ते किती वेळ थांबतात, त्यातही बरंच कळतं.

आणि बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. हॅना रायली बाउल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांच्या २००७ च्या अभ्यासात असं दिसलं की पगाराबद्दल घासाघीस करणाऱ्या स्त्रीबद्दल लोकांचं मत, तेच करणाऱ्या पुरुषाच्या तुलनेत, जास्त बिघडतं. म्हणजे मुली मागत नाहीत त्यामागे कधीकधी अचूक अंदाजही असतो. आपल्याकडे यात जात येते, भाषा येते, घरातली पहिली पिढी शिकतेय हे येतं. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल थोरात समितीनं २००७ मध्ये अहवाल दिला, त्यात शिक्षकांकडून होणाऱ्या भेदभावाच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. अशा ठिकाणी "बिनधास्त बोल रे" हा सल्ला पुरत नाही. मग काय करायचं? एकट्यानं न बोलता दोघा-तिघांनी मिळून बोलायचं, लेखी बोलायचं, आणि नियमाचा आधार घेऊन बोलायचं. नियमांकडे येण्याआधी एक जुनी मुदतवाढ बघू.

१९१७ ची एक मुदतवाढ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये कोलंबियाहून लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातलं. पण बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. आजच्या भाषेत, फेलोशिप बंद आणि थीसिस अपुरा. निघण्याआधी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरं करण्याची परवानगी मिळवली.

मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. कमी पडले तेव्हा मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचीही मदत झाली. १९२० च्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावला शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर होते; त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एमएस्सी, १९२३ मध्ये डीएस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध आजही वाचला जातो.

ही गोष्ट "बघा किती कष्ट केले" म्हणून आपण शंभर वेळा ऐकलेली असते. संशोधक म्हणून ती पुन्हा वाचताना मला त्यातलं मागणं दिसतं. विद्यापीठाकडे वेळ, मित्राकडे पैसे: ज्याच्याकडे जे होतं त्याच्याकडे ते, आणि मोजून. त्या परवानगीशिवाय १९२० मध्ये परत जायला दार उघडं राहिलं नसतं.

विनंती कुठली आणि हक्क कुठला

आपण ज्या गोष्टी "सरांची मेहरबानी" समजून मागायला घाबरतो, त्यातल्या काही नियमातच असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्यानं आले. प्रवेशाआधी ते एकदा वाचाच. सध्या कामाचे तेवढे सांगते.

मुदत: कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्या संशोधकांना त्याशिवाय आणखी दोन वर्षांची सवलत आहे.

रजा: महिला संशोधकांना संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते.

स्थलांतर: लग्नामुळे किंवा इतर कारणानं महिला संशोधकाला दुसरीकडे जावं लागलं तर अटी पाळून संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेता येतो, मात्र काम निधी मिळालेल्या प्रकल्पाचा भाग नसावं.

गाईडची मर्यादा: एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडी विद्यार्थी.

सल्लागार समिती: प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते.

हा शेवटचा मुद्दा लोक फक्त टेन्शन म्हणून बघतात. खरं तर गाईड सोडून इतर जाणकारांसमोर, अधिकृतपणे, कागदावर आपली गरज नोंदवायची ती जागा आहे. अहवालात "पुढील सत्रासाठी आवश्यक सहकार्य" अशी चार ओळींची जागा स्वतःच करून घ्या. आपापल्या विद्यापीठाचे अध्यादेश वेगळे असू शकतात, तेही बघा. नियम माहीत असला की आवाज आपोआप खाली येतो आणि वाक्य सरळ होतं. "सर, प्लीज, जमलं तर" ऐवजी "सर, नियमात अशी तरतूद आहे, अर्ज कुणाकडे करायचा?"

वाक्य कसं मांडायचं

शेरॉन आणि गॉर्डन बाउअर यांनी १९७६ च्या पुस्तकात चार पायऱ्यांचं एक सूत्र दिलंय. मराठीत असं म्हणू: काय घडतंय, त्यानं काय होतंय, मला नेमकं काय हवंय, आणि ते मिळालं तर पुढे काय होईल. पहिल्या पायरीवर फक्त घटना, आरोप नाही.

समजा, तुम्ही कुरुंदवाडहून कोल्हापूरला रोज ये-जा करता आणि गटाची मीटिंग संध्याकाळी असते.

आपण सहसा म्हणतो: "मॅडम, ते मीटिंगचं जरा उशीर होतोय हो... नाही, म्हणजे चालेल तसं, करते मी ॲडजस्ट."

याच्याऐवजी: "मॅडम, मीटिंग साडेपाचला सुरू होऊन सातपर्यंत चालते. त्यानंतर गाडी धरून घरी पोचायला मला नऊ-साडेनऊ होतात आणि त्या दिवशीचं लिखाण राहतं. मीटिंग तीनला घेता येईल का? नाहीतर पंधरा दिवसांतून एकदा मी ऑनलाइन जोडले तर चालेल का? तसं झालं तर तिसरं प्रकरण मी वीस तारखेला देईन."

यात मान कुठेही कमी झालेला नाही. पर्याय दोन दिलेत, त्यामुळे मॅडमना "नाही" म्हणण्याऐवजी निवडता येतं. आणि शेवटी आपण काय देणार तेही आहे.

आता जरा मोठी मागणी. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा-पंचगंगेच्या पुरानं शिरोळ तालुक्याला वेढलं. नदीकाठच्या गावातल्या विद्यार्थ्यासाठी ऑगस्ट म्हणजे सामान माळ्यावर चढवायचे, जनावरं हलवायचे दिवस असू शकतात. लांबच्या शहरातल्या गाईडला ते बातम्यांत दिसतं, पण आपल्या विद्यार्थ्याच्या प्रकरण दोनशी त्याचा संबंध आपोआप लागत नाही. "सर, घरी जरा प्रॉब्लेम आहे" यातून काहीच कळत नाही. "सर, घरात पाणी आलंय, आम्ही नातेवाइकांकडे आहोत. डेटा सुरक्षित आहे, पेनड्राइव्ह माझ्याजवळ आहे. साफसफाई धरून मला पाच आठवडे लागतील. प्रकरण ३० सप्टेंबरला देतो. समितीला कळवायला अर्ज आत्ता करू की नंतर?" यातून सगळं कळतं. दुसऱ्या वाक्यासाठी जास्त धीर लागत नाही, जास्त तयारी लागते.

मागायचं कसं, समोर बसून की मेलवर? महदी रोघानिझाद आणि बोन्स यांच्या २०१७ च्या अभ्यासात समोरासमोर केलेली विनंती ईमेलपेक्षा कितीतरी पटींनी जास्त मान्य झाली, आणि ईमेल पाठवणाऱ्यांना मात्र आपला मेल तितकाच परिणामकारक वाटत होता. (इथेही विनंत्या अनोळखी लोकांना होत्या, हे लक्षात ठेवा.) माझा सल्ला: भेटून बोला आणि त्याच दिवशी मेल टाका, "आज ठरल्याप्रमाणे..." अशी सुरुवात करून. म्हणजे ठरलेलं विसरत नाही आणि नोंदही राहते.

बोलून झाल्यावर रात्री डोक्यात चक्र सुरू होतं: जास्तच बोलले का? उद्धट वाटलं का? त्यावरही अभ्यास आहे. डॅनियल एम्स आणि ॲबी वाझलॉवेक यांनी २०१४ मध्ये दाखवलं की वाटाघाटीत योग्य तेवढंच ठामपणे बोललेल्या बऱ्याच लोकांना आपण मर्यादा ओलांडली असं उगाचच वाटतं, आणि मग ते नको तिथे माघार घेतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी "सॉरी सर, कालचं राहू दे" असा मेसेज पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

हे सगळं कुठे लागू नाही

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. छळ, लैंगिक गैरवर्तन, जातीवरून अपमान, सहीसाठी पैसे किंवा घरकामाची अपेक्षा, या गोष्टी "नीट शब्दांत मागून" सोडवायच्या नसतात. तिथे तुमचं संवादकौशल्य कमी पडलेलं नसतं. त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती, विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि समान संधी कक्ष आहेत. तारीख-वार लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा, विश्वासातल्या एका माणसाला लगेच सांगा, आणि तिथे जाताना कुणाला तरी सोबत न्या.

बाकी रोजच्या गरजांसाठी, या आठवड्यात एवढंच करा. कागदावर तीन रकाने आखा: मला काय हवंय, ते कुणाच्या हातात आहे, कधीपर्यंत हवंय. पाच ओळी भरा. ज्या ओळीत तिन्ही रकाने भरतात ती मागणी मागायला तयार आहे. जिथे पहिलाच रकाना अडतो, तिथे अजून आपल्यालाच नीट कळलेलं नाही. त्यावर एखाद्या सीनियरशी बोला. मग तयार असलेल्यांपैकी सगळ्यात सोपी निवडा आणि शनिवारच्या आत विचारून टाका. उत्तर "नाही" आलं तरी ते तारखेसह लिहून ठेवा. महिनाभरानं त्या कागदावर हो किती आणि नाही किती ते मोजा, आणि विचारण्याआधी तुमचा अंदाज काय होता त्याच्याशी ताडून बघा. हा तुमचा पहिला छोटा डेटा.

पुढच्या लेखात प्रश्नावलीच्या पायलट चाचणीबद्दल बोलू.